सैन्य नाही, पोलीस नाही, तरी कायदा चालतो

१९६२ साली इटलीच्या सरकारने देशातल्या वीज कंपन्या ताब्यात घेतल्या आणि एनेल नावाचे सरकारी महामंडळ उभे केले. मिलानमधले वकील फ्लामिनियो कोस्टा यांचे अशाच एका खासगी वीज कंपनीत शेअर होते. राष्ट्रीयीकरण त्यांना मान्य नव्हते, म्हणून त्यांनी एनेलचे १,९२५ लिराचे बिल भरायला नकार दिला. रक्कम किरकोळ, न्यायालयही अगदी खालच्या पायरीवरचे. पण कोस्टांनी मांडलेला मुद्दा मोठा होता. त्यांचे म्हणणे असे की हा कायदा सामायिक युरोपीय बाजारासाठी केलेल्या १९५७ च्या रोम कराराच्या विरोधात जातो आणि तो करार इटलीने स्वतः सही करून स्वीकारलेला आहे.

इटलीच्या घटना न्यायालयाने मार्च १९६४ मध्ये सांगितले की राष्ट्रीयीकरणाचा कायदा करारानंतरचा आहे आणि नंतरचा कायदा आधीच्यावर मात करतो. जगातल्या बहुतेक करारांची गत अशीच असते. सरकारे सह्या करतात, पुढे संसद वेगळा कायदा करते आणि करार फायलीत राहतो. मात्र मिलानच्या न्यायाधीशाने हाच प्रश्न लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाकडेही पाठवला होता. त्या न्यायालयाने १५ जुलै १९६४ रोजी अगदी उलटे उत्तर दिले. सदस्य देशांनी आपले काही सार्वभौम अधिकार कायमचे मर्यादित करून एक नवी कायदेव्यवस्था निर्माण केली आहे, तेव्हा एखाद्या देशाचा नंतरचा कायदा तिला बाजूला सारू शकत नाही, असे त्याने म्हटले. कोस्टांच्या स्वतःच्या पदरात फारसे काही पडले नाही. पण आजचा युरोपीय संघ ज्या पायावर उभा आहे, त्यातला एक मोठा दगड त्या वीजबिलाचा आहे.

देशांच्या संघटना आपल्याला अपरिचित नाहीत. सार्क आपलीच आहे. काठमांडूत तिचे सचिवालय आहे, निर्णय सर्वसंमतीने होतात आणि २०१४ नंतर तिची शिखर परिषद भरलेली नाही. सार्कने काही ठरवले किंवा नाही ठरवले, तरी सांगलीच्या शेतकऱ्याला किंवा ढाक्याच्या शिंप्याला त्यावर न्यायालयात जाता येत नाही. युरोपीय संघ याच जागी वेगळा आहे. त्याच्याकडे स्वतःचे सैन्य नाही, माणसाला अटक करू शकणारे पोलीस नाहीत, नागरिकांकडून प्राप्तिकर गोळा करणारे खाते नाही. त्याचे अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास असते. त्याच्या मुख्य कार्यकारी संस्थेत, म्हणजे युरोपीय आयोगात, सुमारे ३२ हजार माणसे काम करतात. मुंबई महानगरपालिकेचे कर्मचारी याहून कितीतरी जास्त आहेत. तरीही २७ देशांतल्या ४५ कोटी लोकांच्या आयुष्यात तो रोज हात घालतो. हे त्याला जमते ते कायद्याच्या जोरावर, आणि तो कायदा सरकारांना ओलांडून थेट माणसापर्यंत जातो म्हणून.

सुरुवात कोळसा आणि पोलाद यांच्यापासून झाली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी प्रस्ताव मांडला की फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांचे कोळसा-पोलादाचे उत्पादन एका सामायिक अधिकारी मंडळाच्या हाती द्यावे. ज्या दोन मालांशिवाय तोफा ओतता येत नाहीत, ते एकट्याच्या ताब्यात राहिले नाहीत की युद्धाची तयारीच अशक्य होईल, हा त्यामागचा विचार. तो मुळात फ्रेंच अधिकारी ज्याँ मोने यांचा. १९५१ च्या पॅरिस करारात इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गही सामील झाले. मोनेंचा आग्रह होता की त्या मंडळावरच्या माणसांनी आपापल्या सरकारचे आदेश घ्यायचे नाहीत, सर्वांच्या हिताचे पाहायचे. आजच्या आयोगाचे बीज तिथे आहे. प्रत्येक देशाचा एक असे २७ आयुक्त त्यात असतात आणि पद घेताना ते स्वतंत्रपणे काम करण्याची शपथ घेतात.

कायदा कसा होतो हे कलमांतून सांगण्यापेक्षा मोबाइलच्या चार्जरवरून सांगणे बरे. २००९ च्या सुमारास युरोपच्या बाजारात तीसेक प्रकारचे चार्जर होते. आयोगाने आधी कंपन्यांना समजावून पाहिले आणि त्यांच्याकडून स्वेच्छा करार करून घेतला. प्रकार तीनवर आले, तिथे गाडी अडली. जानेवारी २०२० मध्ये युरोपीय संसदेने ठराव करून आयोगावर दबाव आणला. ठराव करण्याखेरीज संसदेच्या हातात काही नव्हते, कारण कायद्याचा मसुदा मांडण्याचा अधिकार जवळजवळ पूर्णपणे आयोगाकडे आहे. लोकांनी निवडलेल्या संसदेला स्वतः विधेयक मांडता येत नाही, ही गोष्ट आपल्यासारख्या लोकसभा पाहत वाढलेल्या माणसाला खटकते, आणि ती खटकायलाच हवी. सप्टेंबर २०२१ मध्ये आयोगाने मसुदा आणला. मग तो दोन ठिकाणी गेला. एक संसद आणि दुसरे मंत्री परिषद, जिथे २७ देशांचे त्या त्या खात्याचे मंत्री बसतात. दोघांचे मतभेद मिटवायला संसद, परिषद आणि आयोग यांचे प्रतिनिधी बंद दाराआड बसतात. युरोपचे बहुतेक कायदे हल्ली खऱ्या अर्थाने तिथेच ठरतात आणि त्या खोलीत काय देवाणघेवाण झाली, हे नागरिकाला सहज कळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी दिली, परिषदेनेही दिली आणि २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला यूएसबी-सी बंधनकारक झाले.

अ‍ॅपलने तोवर वाट पाहिली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ यूएसबी-सी घेऊनच बाजारात आला, पुण्यातही आणि पॅरिसमध्येही. एका बाजारासाठी वेगळा फोन बनवणे परवडत नाही, म्हणून मोठ्या बाजाराचा नियम सगळ्या जगाचा होतो. कोलंबिया विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक अनु ब्रॅडफर्ड यांनी याला ‘ब्रुसेल्स इफेक्ट’ असे नाव दिले आहे. ज्या संसदेला आपण मत दिलेले नाही तिचा निर्णय आपल्या खिशात येतो. याचा फायदा होत असला, तरी त्यात आपला आवाज कुठेच नाही हे विसरू नये.

मंत्री परिषदेत मतमोजणी दुहेरी असते. निदान १५ देश बाजूने हवेत आणि त्या देशांत मिळून संघाची ६५ टक्के लोकसंख्या राहत असली पाहिजे. म्हणजे मोठ्यांना लहानांशिवाय आणि लहानांना मोठ्यांशिवाय पुढे जाता येत नाही. मात्र कर, परराष्ट्र धोरण, नव्या देशांचा प्रवेश अशा विषयांत अजून एकमत लागते आणि तिथे एक देशही सगळ्यांना अडवू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करायची की नाही, हा विषय देशप्रमुखांच्या बैठकीत आला. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा विरोध होता. शेवटी ते खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेतला. ते हजर नव्हते, म्हणून नकाराचे मतही पडले नाही. ४५ कोटी लोकांच्या भवितव्याचा निर्णय एक जण दाराबाहेर गेल्यामुळे शक्य व्हावा, यातच एकमताच्या नियमाची सगळी अडचण दिसते.

संसदेत ७२० सदस्य आहेत. महिन्यातून एकदा ती स्ट्रासबर्गला भरते, समित्यांचे काम ब्रुसेल्समध्ये चालते. जर्मनीचे ९६ सदस्य आणि माल्टाचे ६. माल्टाचा एक सदस्य लाखाहून कमी लोकांचा प्रतिनिधी असतो, तर जर्मनीचा आठ लाखांहून अधिक लोकांचा. १९७९ साली लोकांनी प्रथमच थेट मतदान केले, तेव्हा सुमारे ६२ टक्के मतदार बाहेर पडले होते. ऑशवित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या सिमोन वेल त्या संसदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. छळछावणीनंतर अवघ्या साडेतीन दशकांनी जर्मन आणि फ्रेंच प्रतिनिधी त्यांच्या अध्यक्षतेखाली एका सभागृहात बसले, हे मला या साऱ्या व्यवस्थेचे सर्वात मोठे यश वाटते. पुढे संसदेचे अधिकार वाढत गेले आणि मतदान मात्र घटत गेले. २०१४ मध्ये ते ४३ टक्क्यांच्याही खाली होते. नंतरच्या दोन निवडणुकांत ते पन्नाशीच्या थोडे वर आले आहे.

पण या संघाचा खरा परिचय मला त्याच्या न्यायालयातल्या साध्या माणसांच्या खटल्यांतून झाला. गाब्रिएल द्फ्रेन ही बेल्जियमच्या सबेना विमान कंपनीत हवाई सुंदरी होती. तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा तिला पगार कमी होता आणि चाळिशीला तिला निवृत्त करण्यात आले. पुरुषांना ही अट नव्हती. रोम करारात समान कामाला समान वेतन हे कलम १९५७ पासून होते, पण सरकारे ते एकमेकांना दिलेले आश्वासन समजत होती आणि त्याची मुदत पुढे ढकलत होती. एलियान व्होजेल-पोल्स्की या वकील बाईंनी द्फ्रेनची बाजू वर्षानुवर्षे लढवली. १९७६ मध्ये न्यायालयाने ठरवले की हे कलम सरकारांपुरते नाही, स्त्री कर्मचाऱ्याला ते थेट आपल्या मालकाविरुद्ध वापरता येते. तिचा दावा अवघ्या काही हजार फ्रँकचा होता. त्या निकालाच्या आधारावर पुढे कितीतरी देशांतल्या बायकांनी आपापल्या न्यायालयांत वेतनातल्या फरकाची रक्कम मागितली.

ही वाट १९६३ च्या एका निकालाने मोकळी केली होती. फान गेंड एन लोस ही डच वाहतूक कंपनी. तिने जर्मनीतून आणलेल्या रसायनावर नेदरलँड्सच्या सीमाशुल्क खात्याने जास्त जकात लावली. करार देशांत झालेला आहे, कंपनीने त्यावर दावा कसा करावा, असा आक्षेप होता. न्यायालय म्हणाले की या कायद्याचे घटक फक्त देश नाहीत, त्यांचे नागरिकही आहेत. त्यामुळे आज पोलंडमधल्या तालुका पातळीवरच्या न्यायाधीशालाही युरोपीय कायदा लावावा लागतो. अर्थ कळत नसेल तर तो लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतो आणि तिथून आलेले उत्तर त्याच्यावर बंधनकारक असते. स्वतःचे पोलीस नसलेल्या संघाला प्रत्येक देशातले न्यायाधीश असे मिळाले.

त्याची फळे रोजच्या जगण्यात आहेत. जून २०१७ पासून संघातल्या दुसऱ्या देशात गेल्यावर फोनचा वेगळा रोमिंग आकार पडत नाही. २००४ च्या नियमानुसार विमान रद्द झाले किंवा फार उशिरा पोहोचले, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई मिळते. वादळासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तेव्हा ती मिळत नाही. हा नियम प्रवाशाचे नागरिकत्व विचारत नाही. फ्रँकफुर्टहून मुंबईला निघालेल्या आपल्या माणसालाही तो लागू आहे, मग विमान कोणत्याही कंपनीचे असो. आपल्याकडच्या किती प्रवाशांनी ती भरपाई मागितली नसेल, याचे मला नेहमी वाईट वाटते.

बाहेरच्यांना संघाची दुसरी बाजूही भेटते. कोकणाने ती २०१४ साली अनुभवली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या भाज्या-फळांच्या २०७ कन्साइनमेंटमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. सदस्य देशांच्या तज्ज्ञ समितीने आंब्यावर बंदी घातली आणि वांगी, अळू, कारली, पडवळ यांच्यावरही. १ मे २०१४ ला, म्हणजे ऐन हंगामात, ती लागू झाली. युरोपला जाणारा बहुतेक आंबा ब्रिटनमध्ये विकला जाई. तिथले खासदार आणि दुकानदार ओरडले. पण ब्रिटन तेव्हा संघात होता, त्यामुळे आंबा आत घ्यायचा की नाही, हे लंडनला एकट्याने ठरवता येत नव्हते. हापूस लंडनला उतरला की तो पॅरिसलाही विनातपासणी जाऊ शकतो, म्हणून दार सगळ्यांचे मिळून एकच. भारताने उष्ण पाण्याची आणि बाष्पाची प्रक्रिया, तपासणीची पॅकहाउसे अशी व्यवस्था केल्यावर २०१५ च्या हंगामाआधी आंब्यावरची बंदी उठली. त्याआधी २०१० मध्ये नाशिकच्या द्राक्षांनाही क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून फटका बसला होता. आज नाशिकचा बागायतदार एक्स्पोर्टच्या प्लॉटची नोंदणी करतो, फवारणीची वही ठेवतो, रेसिड्यूचा रिपोर्ट आल्याशिवाय कंटेनर भरत नाही. यातले कष्ट आणि खर्च त्याचे आहेत. शुद्ध माल पिकवण्याची शिस्त त्याने कमावली, पण ती शिस्त ठरवणाऱ्या टेबलावर त्याला कुणी बोलावले नव्हते.

नागरिकांनाही कधी कधी असेच बाहेर ठेवले जाते आणि ते अधिक गंभीर आहे. युरो चलन वापरणाऱ्या देशांचे अर्थमंत्री ‘युरोग्रुप’ नावाने भेटतात. कराराने या भेटींना अनौपचारिक म्हटले आहे. पण कर्जसंकटाच्या वर्षांत ग्रीस आणि सायप्रस यांच्या भवितव्याचे निर्णय तिथेच झाले. जून २०१५ च्या अखेरीस फ्रँकफुर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांची तातडीची मदत वाढवायचे थांबवले. ग्रीसमध्ये बँका बंद झाल्या आणि एटीएमबाहेर दिवसाला ६० युरोसाठी रांगा लागल्या. ५ जुलैला ६१ टक्के ग्रीक मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या. आठवडाभरात त्यांच्याच सरकारने तितक्याच कडक अटी मान्य केल्या. सायप्रसमध्ये २०१३ साली एक लाख युरोवरच्या ठेवींचा मोठा भाग बँका वाचवण्यासाठी कापला गेला होता. ठेवीदार लक्झेंबर्गला गेले. युरोग्रुप ही संघाची संस्थाच नाही, तेव्हा तिच्याकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही, असे न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. वीजबिलाच्या वादावरून सर्वोच्चतेचा सिद्धांत उभा करणारे न्यायालय आयुष्यभराची पुंजी गेलेल्या माणसांसमोर मात्र थांबले. या संघाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि म्हणूनच मला ही त्याची सर्वात मोठी उणीव वाटते. पैशाचे निर्णय जिथे होतात ती खोली अजून पुरेशी कायद्याखाली आलेली नाही.

संघाचे नागरिकत्व ही त्यामानाने नवी गोष्ट. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने ती दिली. सदस्य देशाचा नागरिक हा आपोआप संघाचाही नागरिक. त्याला कोणत्याही सदस्य देशात जाऊन राहता आणि काम करता येते, तिथल्या पालिकेच्या आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मत देता येते, उभेही राहता येते. गोव्यात हा करार घराघरांत माहीत आहे, भले त्याचे नाव माहीत नसेल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व मिळवू देतो. सासष्टी-बार्देशातून हजारो लोकांनी आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनमध्ये करून घेतली, भारतीय नागरिकत्व सोडले आणि त्या पासपोर्टवर ते पोर्तुगालपेक्षा ब्रिटनमध्येच जास्त गेले. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती झाली. ब्रिटनमध्ये यावरून कुरकुर झाली, पण अडवता आले नाही. १९९२ च्या मिकेलेत्ती खटल्यात न्यायालयाने ठरवले होते की एका सदस्य देशाने दिलेल्या नागरिकत्वावर दुसऱ्याने शंका घ्यायची नाही. तो खटला मूळ अर्जेंटिनाच्या एका दंतवैद्याचा होता, ज्याच्याकडे इटलीचेही नागरिकत्व होते आणि ज्याला स्पेनने दवाखाना थाटू दिला नव्हता. हे दार अगदीच मोकळे मात्र नाही. पैसे घेऊन पासपोर्ट देण्याची माल्टाची योजना न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बेकायदा ठरवली, कारण नागरिकत्व विकायचे नसते.

मग ब्रेक्झिट आले, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडला. २०२० च्या ३१ डिसेंबरनंतर ब्रिटनमधला मुक्त वास्तव्याचा हक्क संपला. आधीपासून राहणाऱ्या गोवेकरांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून आपले वास्तव्य पक्के करून घ्यावे लागले. नंतर निघालेल्यांना तोच पासपोर्ट डब्लिनला किंवा बर्लिनला नेतो, स्विंडनला राहायला मात्र व्हिसा लागतो.

उलट दिशेचे नुकसान त्याहून विचित्र होते. १९८४ पासून फ्रान्समध्ये राहणारी, फ्रेंच माणसाशी लग्न केलेली एक ब्रिटिश बाई आपल्या गावच्या पालिकेत मत देत असे. पंधरा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर असल्यामुळे २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात तिला मत नव्हते. ब्रिटन बाहेर पडताच तिचे नाव गावच्या मतदारयादीतूनही काढण्यात आले. तीही लक्झेंबर्गला गेली. जून २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की संघाचे नागरिकत्व सदस्य देशाच्या नागरिकत्वाला जोडलेले आहे आणि तो देश गेला की तेही जाते. ज्या न्यायालयाने साठ वर्षांपूर्वी नागरिकाला सरकारपासून वेगळा उभा केला, त्याला या बाईला काहीच देता आले नाही, कारण संघ स्वतः कुणालाही नागरिक करत नाही. ती चावी आजही २७ राजधान्यांमध्येच आहे.